अर्धवट रंगवलेल्या मिनिएचरचा ढीग आणि ‘मी काहीच पूर्ण करत नाही’

‘हातात घेतलेलं काहीच तडीस नेत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे बरेच जण उदाहरण म्हणून छंद पुढे करतात. नोकरी नीट चाललेली असते, घरची देणीघेणी वेळेवर होतात, पण कपाटातलं अर्धवट काम रोज नजरेला पडतं आणि माणूस त्यावरून स्वतःची किंमत ठरवू लागतो. ही हकिगत फँटसी खेळांच्या मिनिएचर, म्हणजे खेळात वापरायचे छोटे पुतळे, रंगवणाऱ्या एका गृहस्थांची आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. रंगकामाचे तपशील मात्र तसेच ठेवले आहेत, कारण अडचण त्यांतच दडलेली होती.

गृहस्थ मूळचे सांगलीचे, वय अडतिशीच्या घरात, इंग्लंडमध्ये लेस्टरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. एक आड एक शुक्रवारी सहकाऱ्यांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा फँटसी खेळ खेळतात. अशाच पुतळ्यांचा वॉरहॅमर हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय जवळच नॉटिंगहॅमला, त्यामुळे त्या भागात हा छंद लागायला निमित्त फारसं लागत नाही. शिवाय ही मंडळी खोक्याने विकत घेतात. २०१२ साली रीपर या अमेरिकी कंपनीने प्लास्टिकच्या पुतळ्यांसाठी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ३४ लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली होती, आणि पैसे भरणाऱ्यांच्या घरी पुतळे शेकड्याच्या हिशेबाने पोचले. घेण्याचा वेग आणि रंगवण्याचा वेग यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं.

पहिल्याच सत्रात त्यांचे तीन प्रश्न होते. ‘मला एडीएचडी आहे का? सगळं विकून टाकू का? आणि बायको म्हणते, आधीचं संपव मग नवीन घे, ते बरोबर आहे का?’

पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी लावावा लागतो. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. घरी दिसतात, ऑफिसात नाहीत, असं चालत नाही. यांची शाळा, वह्या, परीक्षा, ऑफिसातल्या मुदती, कशातच तसं काही नव्हतं. नैराश्यही दिसत नव्हतं. त्यात आवडीच्या गोष्टीतला रसच आटतो. हे तर रोज रात्री रंगकामाचे व्हिडिओ आवडीने पाहत होते. संशयाला जागा असती तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इथे तशी गरज दिसली नाही.

मग त्यांना एक काम दिलं. पुतळे नुसते मोजायचे नाहीत, कोणता कुठल्या टप्प्यावर थांबलाय तशा राशी करायच्या. पुढच्या रविवारी ते यादी घेऊन आले. स्प्रूवर, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीतून न कापलेले ६०. जोडलेले पण प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर, न मारलेले ३०. प्राइमर मारून थांबलेले ३५. मूळ रंग भरलेले २०. आणि डोळे, पायथा किंवा वॉर्निश एवढंच राहिलेले १२. एकूण १५७.

या यादीने त्यांची तक्रारच बदलली. आळशी माणसाचं काम कुठेही सुटलेलं दिसतं. यांचं काम मात्र ठरावीक जागी अडलेलं होतं, आणि त्या प्रत्येक जागी काहीतरी ठरवायचं होतं: कुठला रंग? डोळे कसे? इतकं पुरे की अजून? ऑफिसात हे प्रश्न दुसरं कुणीतरी आधीच सोडवून देतं, म्हणून तिथे काम संपतं. इथे दिवसभर थकून रात्री नऊ वाजता ब्रश हातात घेतल्यावर ठरवायला बसायचं, आणि थकलेल्या डोक्याला ठरवण्यापेक्षा व्हिडिओ पाहणं सोपं जातं. म्हणून पुढचं सगळं समुपदेशन एकाच दिशेने नेलं: ठरवण्याचं काम रंगवण्याच्या वेळेतून बाहेर काढायचं.

सुरुवात शेवटच्या बारा पुतळ्यांपासून केली. त्यांतले नऊ डोळ्यांपाशी अडले होते. अठ्ठावीस मिलिमीटरच्या पुतळ्याचा डोळा एक मिलिमीटरहूनही लहान असतो, आणि हे गृहस्थ सगळा चेहरा रंगवून झाल्यावर शेवटी डोळ्यांना हात घालत. हात जरा हलला की सगळा चेहरा बिघडायचा, म्हणून ते टाळत राहिले. क्रम उलटा हवा. खोबणीत आधी गडद तपकिरी भरायचा, त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, मग भुवईपासून गालापर्यंत बिनधास्त खाली येणारी गडद उभी रेघ. वर-खाली सांडलेलं नंतर त्वचेच्या रंगाने झाकायचं. चूक दुरुस्त करणं हा या क्रमाचाच भाग असल्यामुळे हात कापत नाही. तेही नको असेल तर खोबणीत नुसता तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पातळ रंग, सोडावा. खेळाच्या टेबलावर हातभर अंतरावरून डोळा दिसतच नाही.

त्यांना दिसत होता, कारण ते प्रत्येक पुतळ्याचा फोटो काढून मोबाइलवर तळहाताएवढा मोठा करत आणि मग गेम्स वर्कशॉपच्या गोल्डन डीमन या रंगकामाच्या स्पर्धेतल्या कामाशी ताडून पाहत. ती स्पर्धा १९८७ पासून चालू आहे. तिथे उतरणारे लोक एका पुतळ्यावर कित्येक आठवडे घालवतात, आणि तो पुतळा खेळायला नसतोच. शुक्रवारच्या खेळातल्या गॉब्लिनला, म्हणजे किरकोळ राक्षसाला, त्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे, आणि असा अन्याय स्वतःवर करणारी माणसं आमच्याकडे फार येतात. नियम ठरला: फोटो संपल्यावर काढायचा, मध्ये नाही.

‘संपलं’ म्हणजे काय, तेही कागदावर उतरवून घेतलं. तीन मूळ रंग, एक वॉश, कडांवर एकदा हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं), पायथ्यावर वाळू आणि तपकिरी, पायथ्याची कड काळी, वरून मॅट वॉर्निश. एवढं झालं की पुतळा खेळात उतरायला तयार. काळ्या कडेला दोन मिनिटं लागतात, पण साधा रंगवलेला पुतळाही तिच्यामुळे पुरा झालेला दिसतो, म्हणून ती वगळायची नाही.

प्राइमरवाल्या पस्तिसांत वेगळीच गोम निघाली. पंधराएक पुतळ्यांचा पृष्ठभाग वाळूकागदासारखा खरखरीत होता. ते डिसेंबरात गॅरेजमध्ये, गारठलेल्या डब्याने, दीड हात लांबून फवारले होते. डबा थंड असला की दाब कमी पडतो आणि फवारा जाड होतो. लांबून मारलं की थेंब हवेतच वाळतात आणि पुतळ्यावर भुकटी बसते. ओल्या हवेत तेही बिघडतं. खरखरीत पृष्ठभागावर वॉश डाग पाडतो आणि ड्रायब्रश खडबडीतपणाच उठावदार करतो. म्हणजे काम नावडतं झालं त्याला कारण होतं. त्यांनी ते कारण स्वतःच्या हातात नसलेल्या कौशल्यात शोधलं, होतं ते गॅरेजच्या हवेत.

उपाय साधा आहे. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करायचा (गरम पाण्यात कधीही नाही), दोन मिनिटं हलवायचा, वीस ते तीस सेंटिमीटरवरून थोडे थोडे फवारे, प्रत्येक फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. हवा ओली असेल तर ब्रशने लावायचं ॲक्रिलिक प्राइमर वापरावं. कोकणात किंवा मुंबईत हा छंद करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर तेच करावं, आणि वॉर्निशही ब्रशनेच लावावं. पावसाळी हवेत फवारलेलं मॅट वॉर्निश कधी कधी पांढुरकं धुकं धरतं आणि महिन्याची मेहनत पाच मिनिटांत झाकोळते. तसं झालंच तर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात दिला की बहुतेकदा धुकं उतरतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

बिघडलेले पंधरा धुऊन काढले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास, हातमोजे, उघडी खिडकी, जवळपास ज्योत नाही, मग जुना टूथब्रश. ॲसिटोन चुकूनही नाही, कडक प्लास्टिक त्यात विरघळतं. इंग्लंडमधले जुने लोक यासाठी डेटॉल वापरत. सुटलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा चिकट गोळा होतो, म्हणून पहिली धुलाईही डेटॉलनेच करावी लागते. अल्कोहोल बरं.

जोडून ठेवलेल्या तिसांत बरेच मऊ प्लास्टिकचे होते. त्यांचे भाले-तलवारी वाकतात, आणि ‘आधी हे सरळ करायला हवं’ म्हणून पुतळा बाजूला पडतो. गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचं, बोटांनी सरळ करायचं, लगेच थंड पाण्यात धरायचं. भांडी धुण्याच्या साबणाने घासून साच्याचं तेल काढायचं. काही फवारे या प्लास्टिकवर कायम चिकट राहतात, म्हणून इथेही ब्रशचंच प्राइमर.

आता रंगांचा प्रश्न. प्रत्येक गटासाठी एका शनिवारी सकाळी, चहा पिताना, पत्रिकेएवढ्या कार्डावर कृती लिहायची: त्वचा, कापड, धातू, चामडं, प्रत्येकी एक रंग, नावानिशी. त्या दिवशी रंगवायचं नाही. आठवड्यात रंगवताना कार्डात बदल नाही. गॉब्लिन आणि सांगाडे यांच्यासाठी त्यांनी सर्वांत सोपी पद्धत निवडली: काळं प्राइमर, त्यावर राखाडीचा भरपूर ड्रायब्रश, वरच्या भागांवर पांढऱ्याचा हलका, आणि मग पारदर्शक कॉन्ट्रास्ट रंगाचा एकच हात. गेम्स वर्कशॉपने हे रंग २०१९ मध्ये आणले. ते खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिके बसतात, छाया आपोआप मिळते. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरवला तर मात्र पाण्याच्या डागासारखी कड उमटते. अंगरख्यासारख्या सपाट जागी रंग साचला तर स्वच्छ ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यावा. साधे ॲक्रिलिक रंग दुधाइतके पातळ करून दोन हात. बाटलीतून थेट लावलेला जाड हात चेहऱ्याच्या रेषा बुजवतो.

पहिली योजना मात्र फसली. उत्साहात त्यांनी तीस गॉब्लिन एकदम घेतले. तीन शनिवार-रविवार नुसती हिरवी कातडी रंगवली आणि एकही पुतळा पुरा झाला नाही. चौथ्या आठवड्यात ट्रेला हातच लागला नाही आणि सत्रात जुनं वाक्य परत आलं, ‘बघा, मी असाच आहे.’ अशा वेळी धीर देऊन भागत नाही, आकडा बदलावा लागतो. पाचच पुतळे घ्यायचे. पाचव्याला रंग लावेपर्यंत पहिला वाळलेला असतो, हात थांबत नाही, आणि आठ-दहा दिवसांत पाच पुरे होऊन समोर उभे राहतात. दहापासून पुढे कंटाळा कौशल्याला गाठतो.

वेळेचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशी योजना इथे कामी आली: जेवणाची भांडी डिशवॉशरमध्ये लागली की पंचवीस मिनिटं रंगकाम. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली तरी ते काम मनात घोळणं कमी होतं, काम संपायचीही वाट पाहावी लागत नाही. या गृहस्थांना झोपताना अपुरं काम आठवून होणारा त्रास आधी कमी झाला, ढीग नंतर. मांडामांड वाचवण्यासाठी ट्रे कायम मांडलेला, आणि ओली पॅलेट: झाकणाचा चपटा डबा, तळाशी भिजवलेला स्पंज, वर बेकिंगचा कागद. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. झाकण लावलं की रंग दोन-तीन दिवस ओला राहतो. पाणी बदललं नाही तर बुरशी धरते.

विकण्याचा प्रश्न त्यांनी शेवटी पुन्हा काढला. ‘इतके पैसे घातलेत, आता कसे सोडू?’ घातलेले पैसे पुतळा ठेवला तरी परत येत नाहीत. विचारायचं एवढंच की आज हे खोकं दुकानात दिसलं तर घ्याल का. साठांपैकी अडतीसांना उत्तर ‘नाही’ आलं. न कापलेल्या स्प्रूला जुन्या मालात चांगली किंमत येते, जोडलेल्याला कमी, वाईट रंगवलेल्याला आणखी कमी, म्हणून विकायचं ते जोडण्याआधी. पत्नीचं म्हणणं त्यांनी अर्धं मानलं. ‘सगळं संपेपर्यंत काही नको’ हा नियम महिनाभर टिकतो आणि मग चोरून खरेदी होते. त्याऐवजी पाच पुरे झाले की एक आणायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं. हिशेब फ्रिजवर लावलेल्या कागदावर तीच ठेवते.

सहा महिन्यांनी बारापैकी बारा, विसांपैकी अठरा आणि पस्तिसांपैकी पंचवीस पुरे झाले होते. स्प्रूवरच्या बावीसांत एक मोठा ड्रॅगन आहे. त्याला पाचांचा नियम लागू नाही. तो धड, डावा पंख, उजवा पंख आणि पायथा असा चार तुकड्यांत वेगवेगळा रंगवायचा, सांध्यांवर प्राइमरआधी टेप लावायची म्हणजे नंतर डिंक नीट धरेल, आणि प्रत्येक तुकडा हिशेबात एक पुतळा म्हणून धरायचा, असं ठरलंय. ब्रश पंखांच्या आतल्या बाजूला पोचत नाही म्हणूनच तो चार वर्षं डब्यात होता.