तुकडा सापडला म्हणजे जनुक सापडलं का?

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. पिकांत डीएनएचा तुकडा घुसवून जनुकांचं काम शोधतात, असं शिकले. रसायनांनी किंवा गॅमा किरणांनीही उत्परिवर्तन (डीएनएत बदल) होतंच, मग हा खटाटोप कशासाठी? आणि भाताचं रोप खुजं निघालं, त्यात तुकडाही सापडला, तर उंचीचं जनुक सापडलं असं म्हणायचं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई तिथेच होते. नाही, एवढ्यावर म्हणता येत नाही.

आता खटाटोपाविषयी. रसायनानं डीएनएत ठिकठिकाणी बहुधा एकेकच अक्षर बदलतं. भाताच्या जनुकसंचात सुमारे ३९ कोटी अक्षरं. त्यात जनुक मोडणारं नेमकं ते एक हुडकणं किती किचकट, ते तुम्हीच ताडा. घुसलेल्या तुकड्याचा क्रम मात्र आपल्याला आधीच ठाऊक असतो. त्याच्या टोकापासून पीसीआर करून (म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढून) शेजारचा क्रम वाचला, की कोणतं जनुक मोडलं ते कळतं. निसर्गातही हे घडतं. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्च घडवणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा शिरलेला आहे, हे १९९० मध्ये उघड झालं. हे उदाहरण मला फार प्रिय आहे.

भातात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी त्याचा टी-डीएनए हा तुकडा घुसवतात, किंवा टॉस १७ हा स्वतःच्या प्रती काढणारा तुकडा वापरतात. टॉस १७ भाताचाच आहे. निप्पोनबारे जातीत त्याच्या दोनच प्रती असतात, एरवी निपचित. ऊतिसंवर्धनात, म्हणजे काचपात्रात पेशी वाढवून रोप घडवताना, तो जागा होतो, नव्या प्रती इतरत्र बसतात आणि रोप उभं राहिलं की पुन्हा थंडावतो. पण ऊतिसंवर्धन स्वतःच इतरही उत्परिवर्तनं घडवतं! अशा ओळींत (एकेका रोपाच्या वंशजांत) डोळ्यांना दिसणाऱ्या कितीतरी बदलांशी टॉस १७ चा काही संबंध नसतो.

म्हणून विद्यार्थी खुज्या रोपाचा फोटो घेऊन आले, की मी आधी भावंडांच्या पीसीआरचं जेल, म्हणजे कोणत्या रोपात तुकडा आहे ते दाखवणारं चित्र, मागते. जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत तुकडा असलेल्या रोपाचं स्वपरागण करा आणि पुढच्या पिढीतलं एकेक रोप तपासा. दोष अप्रभावी (दोन्ही प्रती मोडल्यावरच दिसणारा) असेल, तर प्रत्येक खुज्या रोपात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या हव्यात आणि प्रत्येक उंच रोपात निदान एक धड हवी. धड प्रत असलेलं एक जरी खुजं रोप खात्रीनं सापडलं, तरी संशय दुसरीकडे वळवायला हवा. सगळं जुळलं तरीही खरा दोष लगतच्या जनुकात असू शकतो. त्यासाठी त्याच जनुकात वेगळ्या जागी तुकडा बसलेली दुसरी ओळ शोधा, किंवा धड जनुक परत घालून रोप उंच होतं का ते पाहा. यातलं एक तरी केल्याशिवाय मी निष्कर्ष मान्य करत नाही.

उलटही घडतं : जनुक मोडतं आणि रोपात काहीच दिसत नाही. गव्हात तर बहुतेक जनुकांच्या तीन जोड्या असतात. एक मोडली तर उरलेल्या काम सांभाळून घेतात. त्याला निरुपयोगी जनुक समजू नका.

तुमच्याकडे सध्या अशी ओळ असेल, तर उंच भावंडांचं बीही वेगवेगळ्या पाकिटांत जपा. खुजं रोप वांझ निघालं, तर ते उत्परिवर्तन त्यांच्यातूनच पुढे नेता येईल.