व्हर्मीरने डेल्फ्ट शहर जसे दिसले तसेच रंगवले होते का?

सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचे 'डेल्फ्टचे दृश्य' हे त्याच्या शहराचे चित्र पाहताना आपण पाण्याकाठीच उभे आहोत असे वाटते, तेव्हा त्याने समोरचे दृश्य हुबेहूब उतरवले असावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे नाही. त्याने जिथे जिथे वास्तवाला मुरड घातली, तिथूनच हा खरेपणा आला आहे.

१६६०-६१ च्या सुमाराचे हे तैलचित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. निम्म्याहून अधिक चित्र आकाशाने व्यापले आहे आणि शहर म्हणजे बंदराच्या पलीकडे आडवा पसरलेला एक अरुंद पट्टा. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचे नेहमीचे यथादर्शन येथे जवळजवळ नाहीच. उजवीकडची रॉटरडॅम वेस प्रत्यक्षात पाण्याकडे बरीच पुढे आलेली होती, परंतु जुन्या रेखाटनांशी ताडून पाहिल्यास व्हर्मीरने ती इतर इमारतींच्या रांगेत दाबून बसवल्याचे लक्षात येते.

मग खोली येते ती उजेडातून. पाण्यालगतचा तट आणि वेशी ढगाच्या सावलीत आहेत, तर त्यांच्या मागची छपरे आणि नव्या चर्चचा मनोरा उन्हात उजळले आहेत. त्यामुळे नजर सावली ओलांडून आत शिरते आणि मधले अंतर आपोआप जाणवते.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ती प्रतिबिंबे. वेशीच्या जुळ्या बुरुजांची प्रतिबिंबे भूमितीच्या हिशेबापेक्षा बरीच लांब असून थेट चित्राच्या खालच्या कडेला टेकतात, आणि ती त्याने मागाहून वाढवल्याचे तांत्रिक तपासणीत दिसून आले आहे. छापील प्रत हाताशी असल्यास तेवढा भाग कागदाने झाकून पाहावा. पलीकडचा काठ लगेच दूर सरकतो. अलीकडच्या काठावर उजवीकडे रंगवलेला एक माणूसही त्याने पुसून टाकला, आणि ते योग्यच झाले, कारण त्या जागी नजर अडली असती.

वेशीजवळच्या हेरिंग मासेमारीच्या गलबतांवरील प्रकाशाचे ठिपके कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा पडद्यावर पाडणारी अंधारी पेटी) वापरल्याचा पुरावा म्हणून अनेकदा दाखवले जातात. परंतु भिंगातून असे चकाकते गोल दिसतात ते उन्हात चमकणाऱ्या पृष्ठभागावर, आणि गलबतांचा हा भाग तर सावलीत आहे. ते यंत्र त्याने पाहिलेही असेल, पण पाण्यावरून उसळलेला उजेड लाकडावर हलता दिसावा म्हणून हे ठिपके त्याने जाणीवपूर्वक ठेवले, असे मला ठामपणे वाटते.