मराठी प्रबंधाची संदर्भसूची : झोटेरोत की शेवटी हातानं?

शिवाजी विद्यापीठात मराठीतून पीएचडी करताय, आणि संदर्भ झोटेरोत (संदर्भ साठवून वर्डमध्ये उल्लेख आणि सूची लावणारं सॉफ्टवेअर) ठेवावेत की शेवटी डीटीपीवाल्याकडून लावून घ्यावेत, असं विचारलंय.

झोटेरोत. 'शेवटी बघू' म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याला तुमचा पान नंबर कुठून माहीत असणार?

मराठीत घोळ होतो तो नावांचा. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, म्हणून नोंदी हातानं भराव्या लागतात. एकीत 'वि. स.', दुसरीत 'विष्णु सखाराम', तिसरीत आडनावाच्या रकान्यातच अख्खे खांडेकर. झोटेरोच्या लेखी हे तीन लेखक. मग एपीएसारख्या, कंसात आडनाव-साल देणाऱ्या शैलीत कंसातल्या आडनावाआधी आद्याक्षरं उगवतात आणि सूचीत एकच माणूस वेगवेगळ्या रूपांत दिसतो. नाव-आडनाव वेगळं भरा, रूप एकच ठेवा, टिंबानंतरची स्पेससुद्धा सारखी. लेखक संस्था असेल तर शेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा; नाहीतर 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' असं छापून येतं, आणि ते तोंडी परीक्षेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या वर्षीचं लेखकाचं एकच पुस्तक वापरलंय, तरी सालापुढं ए, बी लागलं? नोंद दोनदा झालीय. डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन मर्ज करा. एक नोंद नुसती डिलीट केलीत, तर वर्डमधल्या उल्लेखाचा धागा तुटतो. साल इंग्रजी अंकांतच भरा.

'एट अल.'च्या जागी 'व इतर' हवं असेल तर स्टाइल एडिटरमध्ये इन्फोच्या खाली लोकेल (भाषेनुसार शब्द ठरवणारा भाग) टाकून तो शब्द बदला. शैलीचं शीर्षक आणि आयडीही बदला, नाहीतर पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल.

आता डीटीपी. फाइल श्री-लिपीत किंवा पेजमेकरमध्ये गेली की झोटेरोची फील्ड्स, म्हणजे झोटेरोशी जोडलेले उल्लेख, मेली. परत रिफ्रेश नाही. म्हणून सगळ्या दुरुस्त्या वर्डमध्येच, युनिकोडमध्ये संपवा. मग कॉपी काढून फक्त त्या कॉपीवर 'अनलिंक सायटेशन्स' करा, म्हणजे उल्लेखांचा साधा मजकूर होतो. मूळ फाइल दुकानात द्यायचीच नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

हां, गाईडनी स्वतःची पद्धत ठरवून दिली असेल तर ती आधी लेखी मागून घ्या. आणि पुराभिलेखागारातली दप्तरं वापरत असाल तर तयार शैलींवर फार विसंबू नका. रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक, फाइल क्रमांक बऱ्याच शैली छापतच नाहीत. तेवढ्या नोंदी वेगळ्या मथळ्याखाली हातानंच लावाव्या लागतील.