आजोबांचा रकाना

नाशिक, गंगापूर रोड

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू लेस्टरहून फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी टाळले, कारण घरात पाहुणे होते आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला तुम्हाला एक तक्ता भरायला दिला आहे. त्याच्या पहिल्या रकान्यात धर्म आणि दुसऱ्या रकान्यात धर्मेतर जीवनदृष्टी लिहायच्या आहेत. बौद्ध आणि जैन पहिल्या रकान्यात गेले, मानवतावाद दुसऱ्यात गेला, आणि तुला प्रश्न पडला की जग निर्माण करणारा ईश्वर या तिघांपैकी कोणीच मानत नसेल, तर दोघे अलीकडे आणि एक पलीकडे असे कसे. त्यापुढे तू विचारलेस ते माझ्या जिव्हारी लागले : आजोबा देव मानत नव्हते, तर त्यांचा रकाना कोणता, आणि देव न मानणे हाही आपल्याकडे एक धर्मच असतो का?

आजोबांना जाऊन या आठवड्यात एक वर्ष झाले. त्यांनी देहदान केले होते, त्यामुळे दहन झाले नाही आणि अस्थीही नव्हत्या. ज्या नाशिकच्या रामकुंडावर कुठून कुठून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात, त्या नाशिकमध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या घरच्यांना रामकुंडावर नेण्यासारखे काहीच उरले नाही, ही गोष्ट आपल्या काही नातेवाइकांना फार खटकली. एक जवळचे नातेवाईक तेव्हा म्हणाले होते, "नास्तिकपणा हासुद्धा एक धर्मच, तोही हट्टाने पाळायचा असतो." ते रागाने बोलले, पण त्यांचे वाक्य आणि तुझा प्रश्न जवळजवळ सारखेच आहेत, म्हणून वर्षभर मनात राहिलेल्या त्या वाक्याला मी आज तुझ्यामुळे नीट सामोरी जाते आहे.

आधी शब्दांविषयी सांगते, कारण निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे. शाळेत तुम्ही ज्याला 'रिलिजन' म्हणता, त्याच्यासाठी आपण 'धर्म' हा शब्द वापरतो, पण तो त्या मापाचा शब्द नाही. आपण शेजारधर्म म्हणतो, दानधर्म म्हणतो, राजधर्म म्हणतो, वाहणे हा पाण्याचा धर्म आहे असेही म्हणतो, आणि यांपैकी एकाही ठिकाणी देव अभिप्रेत नसतो. या अर्थाने आजोबांना धर्म होता. कोणाच्या घरी रात्री-अपरात्री दुखणे निघाले तर रिक्षा शोधून आणणारे ते आमच्या गल्लीतले पहिले गृहस्थ असत. परंतु तुझ्या तक्त्यातला प्रश्न या अर्थाचा नाही, आणि शब्दाचा हा सैलपणा वापरून मी तुझी समजूत काढली, तर ती फसवणूक होईल.

दुसरा शब्द 'नास्तिक'. आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो, पण जुन्या शास्त्रांत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीत तर 'नास्तिको वेदनिन्दकः' असे स्पष्टच म्हटले आहे. त्यामुळे सांख्य दर्शन जगाच्या रचनेसाठी ईश्वराची गरज मानत नसूनही आस्तिक ठरले, आणि यज्ञाचा एकेक विधी काटेकोरपणे जपणारे पूर्वमीमांसकसुद्धा जगाचा निर्माता मानत नसूनही आस्तिकच राहिले. बौद्ध, जैन आणि चार्वाक हे मात्र नास्तिक ठरले. म्हणजे आपल्याकडे माणसांची विभागणी देवाच्या रेषेवर झालीच नव्हती. ती रेषा वेदांवरून जात होती. देवावरून माणसे विभागायची ही सवय आपल्याकडे बऱ्याच उशिरा रुजली, असे मला वाटते.

रविवारी सकाळी मी तुझा प्रश्न डोक्यात घेऊन पांडवलेणी चढले. तू आठ वर्षांची असताना आजोबांचा हात धरून त्या पायऱ्या मोजल्या होत्यास. नावात पांडव असले, तरी ही चोवीस लेणी त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. ब्राह्मणांना गाई आणि गावे दिल्याचे तो अभिमानाने सांगतो, आणि त्याच लेखात हे लेणे भिक्खुसंघाला दिल्याचेही सांगतो. भिक्खूंच्या वस्त्रांची आणि इतर गरजांची सोय व्हावी म्हणून त्याने ३,००० कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, व्याजाने ठेवली होती. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला, ती 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून गौरवते आणि ते लेणे मात्र भदायनीय पंथाच्या बौद्ध भिक्खूंना दान देते. एकाच हाताने दोन्हीकडे दान देणाऱ्या या माणसांना निरीश्वर मताच्या भिक्खूंना धर्मवंत म्हणण्यात कसलीही अडचण वाटलेली दिसत नाही. ईश्वर मानणे ही धर्माची अट असावी, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

खाली उतरल्यावर फाळके स्मारकाशेजारच्या बुद्ध स्मारकात गेले. तिथे एक कुटुंब लहान मुलाला घेऊन बसले होते आणि आजी नातवाकडून त्रिशरण आणि पंचशील म्हणवून घेत होती. ते मी बराच वेळ ऐकत राहिले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या मुलाला देवाकडे काही मागायला शिकवले जात नव्हते. त्याला कोणाला शरण जायचे आणि कोणती पाच व्रते पाळायची, हे शिकवले जात होते, आणि ते शिकवणारी त्याची आजी होती. पुढे त्याचे लग्न बुद्धवंदनेने लागेल, घरातले माणूस गेले की याच गाथा म्हटल्या जातील, आणि वैशाखी पौर्णिमेला व धम्मचक्र प्रवर्तनदिनाला हे घर हजारो घरांबरोबर एकाच वेळी उभे राहील. जन्मापासून मरणापर्यंत माणसाला धरून ठेवणारी ही वीण, तिच्यातली व्रते, तिचे गुरू, तिची तीर्थे आणि अखेरीस दुःखातून किंवा बंधनातून सुटण्याची तिने दाखवलेली वाट, याला मी धर्म म्हणते. ईश्वर त्यात असला तर असतो, नसला तरी ती वीण उसवत नाही.

म्हसरूळला गजपंथाच्या डोंगरावर, ज्याला आपण चामरलेणी म्हणतो, तुला हेच दिसेल. तिथे सात बलभद्रांना, म्हणजे जैन पुराणांतल्या थोर पुरुषांना, मोक्ष मिळाला अशी जैन परंपरेची श्रद्धा आहे. जैन माणूस तीर्थंकरांच्या मूर्तीपुढे इतक्या भक्तीने उभा राहतो की पाहणाऱ्याला तो देवच मानतो असे वाटावे. परंतु जैन मताप्रमाणे विश्व अनादि आहे, ते कोणी घडवलेले नाही, आणि मुक्त झालेला आत्मा कोणाला काही देत नाही. णमोकार मंत्रात नमस्कारच आहेत, मागणे एकही नाही, आणि ज्यांना नमस्कार आहे त्यांच्यापैकी कोणाचे नावही त्यात नाही. असे असूनही तो धर्म नाही, असे पर्युषणातले उपास जवळून पाहिलेला माणूस म्हणू शकणार नाही.

हे केवळ माझे मत नाही. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्म ईश्वरवादी असलाच पाहिजे असे नाही, आणि उदाहरण म्हणून बौद्ध व जैन हेच दोन धर्म सांगितले. तू राहतेस त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ईश्वरावरील श्रद्धेची जुनी अट २०१३ साली बाजूला सारली, तेव्हा बौद्ध आणि जैन त्या अटीत बसणार नाहीत, हे कारण तिथेही दिले गेले. बाईंना हे अवश्य सांग.

एक गोष्ट तुझ्या तक्त्यात नाही, पण नाशिकचे माणूस म्हणून मी ती सोडू शकत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे वर्षानुवर्षे चालवला, आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर एकवीस वर्षे विचार करून त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. धर्म नकोच, असे ते म्हणाले नाहीत. धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे, असे त्यांनी मांडले, आणि त्यांना समाजाला बांधणारी ती नीती हवी होती. नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. देव नाकारणे आणि धर्म स्वीकारणे या दोन्ही गोष्टी एका श्वासात करणारी लाखो माणसे आपल्या शेजारी राहतात, हे पंचवटीत वाढताना मला कोणी समजावून सांगितले नव्हते, याची मला खंत वाटते.

आता आजोबांकडे येते. ते कोणाला शरण गेले नव्हते, त्यांनी कोणतेही सामूहिक व्रत घेतले नव्हते, आणि मोक्षाची वाट ते शोधत नव्हते. देव नाही, हे त्यांचे एका प्रश्नाचे उत्तर होते. त्याच प्रश्नाला तेच उत्तर देणारा दुसरा माणूस राजकारणात, खाण्यापिण्यात, बायकोमुलांशी वागण्यात त्यांच्या अगदी उलट असू शकतो, आणि त्या दोघांना बांधणारे काहीही नसते. म्हणून निव्वळ नास्तिकता धर्म नाही, असे माझे मत आहे, आणि त्या नातेवाइकांचे वाक्य चुकीचे होते. आजोबा हट्टाने काही पाळत नव्हते. आजी गणपती बसवायची, तेव्हा एकवीस दूर्वांच्या जुड्या पहाटे तेच निवडून ठेवत. आरतीला मात्र ते उभे राहत नसत, आणि आजीने त्यांना कधी उभे राहायला सांगितले नाही. त्या दोघांच्या संसारात मी सर्वांत जवळून पाहिलेली गोष्ट ही आहे.

मानवतावाद्यांचे थोडे वेगळे आहे. ते नामकरण करतात, अंत्यविधी करतात, आणि स्कॉटलंडमध्ये त्यांनी लावलेली लग्ने २००५ पासून कायदेशीर आहेत. त्यांची वीण धर्माच्या जवळ जाते, हे खरे; पण ते स्वतःच ती धर्म म्हणवून घेत नाहीत, आणि माणूस स्वतःला जे म्हणवतो त्याला मी मान देते.

धर्म नाही म्हणून संरक्षण नाही, असे मात्र समजू नकोस. आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्माच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आले आहे. नाशिकच्याच एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की आपला कोणताही धर्म नाही, असे सांगण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे आणि सरकार कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही.

तरीही कागद आपल्या जागी असतो. घराच्या वारसनोंदीसाठी मी या आठवड्यात दोनदा गेले, आणि तिथे आजोबांचे घर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच आमच्याकडे येते आहे. तो कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांना तर लागू आहेच, शिवाय जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, अशा माणसालाही सामान्यतः तोच लागू होतो. म्हणजे कायद्याच्या वहीत आजोबा हिंदू होते, आणि त्यांनी त्यावर कधी हरकत घेतली नव्हती. गोदावरीचा पूर पाहायला ते दरवर्षी धावत जायचे, तुकोबांचे अभंग त्यांना पाठ होते, आणि या सगळ्याला ते 'आपले' म्हणत. २०११च्या जनगणनेत सबंध भारतात सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांनीच धर्म सांगितला नव्हता, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ साली ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असे लिहिले. या अंतराचे एक कारण मला असे वाटते की आपल्याकडे त्या रकान्यात श्रद्धा विचारली आहे असे माणसाला वाटतच नाही. कोणत्या घरात जन्मलास, एवढेच विचारले आहे असे वाटते.

तेव्हा तुझ्या तक्त्यात बौद्ध आणि जैन पहिल्या रकान्यातच राहू देत. आजोबांना दुसऱ्या रकान्यात लिही आणि कंसात 'नाशिकचे' असे लिही. त्यांना ते आवडले असते. आजीला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, खाली माझेही नाव घाल, पहिल्या रकान्यात, म्हणजे दोघे एकाच पानावर येऊ.

२०२१ च्या जनगणनेच्या अर्जावर तुझ्या नावापुढची खूण मीच केली होती आणि तुला विचारले नव्हते. पुढच्या वेळी तो अर्ज तुझ्या हातात देईन. मी शुक्रवारी निघते.

तुझी,
आई