तुना आवाज भारी शे, पण...

प्रश्न : ताई, माझं वय २६. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत दोन वर्षांपासून महिन्यातून दोन रविवारी मी वचन सांगतो. शनिवारी रात्री मोबाईलवर मोठ्या प्रचारकांचे हिंदी संदेश ऐकून टिपणं काढतो. परवा उपासनेनंतर एक आजी म्हणाल्या, ‘‘तुना आवाज भारी शे बेटा, पण तू काय सांगं ते समजनं नही.’’ मला या सेवेसाठी देवाचं पाचारणच नाही का? सोडून देऊ?

उत्तर : भाऊ, एवढ्यावरून सोडता? आजी जाग्या होत्या, ऐकत होत्या. प्रेषित पौलाचं भाषण लांबलं तेव्हा त्रोवसात एक तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’च्या विसाव्या अध्यायात आहे, मी पदरचं सांगत नाही.

घोळ आहे तो शनिवारच्या रात्रीत. दुसऱ्याने मैदानभर गर्दीसाठी रांधलेलं तुम्ही चाळीस माणसांच्या पंगतीत वाढताय, तेही शिळं.

पुढच्या पाळीला मत्तयाचा तेरावा अध्याय घ्या, पेरणाऱ्याचा दाखला. सोमवारीच वाचा. मग मोबाईल घरी ठेवून आजींच्या ओट्यावर जाऊन बसा आणि तो दाखला अहिराणीत सांगून बघा. दाखल्यातला माणूस बी फोकतो, त्यातलं काही वाटेवरच पडतं. तुमच्याकडे कपाशीचं बी एकेक करून लावतात. कुणीतरी विचारेलच, एवढं महागाचं बी त्याने वाटेवर का सांडू दिलं? बियाण्याच्या पाकिटाचा भाव ठाऊक असलेल्यालाच हा प्रश्न पडतो. तुमचा संदेश तिथून सुरू होतो. तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, चार दिवस डोक्यात घोळू द्या.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही; लोकांच्या कानाला सवयीचं होतं त्यातूनच ख्रिस्त सांगितला. तुम्ही तर घरात अहिराणी बोलता आणि माईकसमोर हिंदी प्रचारक होता!

वीस मिनिटं पुरेत. माईक असताना ओरडायचं कशाला, हेही कळलं नाही मला. पाचारणाचं तुमच्या पाळकांशी निवांत बोला, मात्र या रविवारच्या रागात नको.

आणि पुढच्या वेळी उपासना सुटली की आजींनाच गाठा. ‘‘आज काय समजनं, माय?’’ म्हणून विचारा. त्या पेरणाऱ्याला नावं ठेवायला लागल्या, तर मला जरूर कळवा.