हातचं काम न सोडता दुसरं घर बघू का?

प्रश्न: ताई, नागपुरात शंकरनगरला एका घरी तीन वर्षांपासून बाळ सांभाळते, नऊ ते सहा. आता तो नर्सरीत जाणार तर मॅडम म्हणे जूननंतर अर्धाच दिवस ये, पगारही अर्धा. त्यात माझं घरभाडंही निघत नाही. मनीषनगरात एक काम आहे असं कळलं, पण लपून बघायला जायचं म्हणजे दगा दिल्यासारखं वाटून राहिलं. आत्ताच सांगितलं अन् त्या म्हणाल्या उद्यापासून येऊ नको, तर? पोट्टं माझी ओढणी धरल्याशिवाय झोपत नाही हो.

उत्तर: दगा कसला बाई, तास त्यांनी कमी केले, पगार त्यांनी अर्धा केला, मग पोटापाण्याचं तुम्हीच बघणार ना! फक्त हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, तिकडचं आधी पक्कं करा. सहानंतर नाहीतर रविवारी जा, शंकरनगर चौकातून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची, उज्ज्वलनगरला उतरायचं. बाळाच्या वेळेत त्यासाठी फोनवर बोलू नका, तो झोपला असला तरी.

तिथं पगारासोबत हेही विचारा, सुट्या किती, खाडा झाला तर पैसे कापणार का, ते गावाला गेले तर पगार चालू राहणार का, आणि पोळ्या-भांडी पण करायची का, कारण "थोडंसं बघून घ्याल" म्हणता म्हणता सगळं घर अंगावर पडतं, हे मी कितीतरी जणींकडून ऐकलंय. ठरलं ते व्हॉट्सअपवर लिहून घ्या. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड नाही. आणि "मी सांगेपर्यंत जुन्या घरी फोन करू नका" हे त्यांना स्पष्ट बोला.

मॅडमना मात्र तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाकडून कळलं तर फार लागतं. पगार हातात आला की सांगा, पंधरा दिवस द्या, उचल घेतली असेल तर हिशेब तेव्हाच मिटवा. "उद्यापासून नको" म्हणाल्याच तर लवकर येऊ का, हे नव्या घरी आधीच विचारून ठेवा. घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव नसेल तर नोंदवा, 2008 चा कायदा आहे, त्यासाठी इथं काम करते असं पत्र आत्ताच मागून घ्या.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तेवढ्यात बाळाची सवय मोडता येईल. शेवटच्या आठवड्यात दुपारी आईला नाहीतर आजीला जवळ बसवा, वरणभात त्यांच्या हातून भरवा, ओढणी हवीच असेल तर जुनी एक ठेवून या. आणि शेवटच्या दिवशी तो झोपल्यावर गुपचूप निघू नका, दारातून टाटा करून जा.