तिसऱ्यांदा नीट की बी.फार्म? पार्किन्सनवर संशोधन करू पाहणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेकीने दोनदा नीट दिली आणि दोन्ही वेळा सरकारी कॉलेजची जागा हुकली. आता ती म्हणते, बी.फार्म (औषधनिर्माणशास्त्राची पदवी) करते आणि पुढे पार्किन्सनच्या, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या आणि कंप आणणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या औषधांवर संशोधन करते. तुम्हाला वाटतं की ती वैतागून असं बोलतेय आणि शेवटी मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागेच बसावं लागेल. म्हणून विचारताय, आणखी एक वर्ष घ्यावं का.

घेऊ नका. याचं कारण तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही तिच्या वहीबद्दल ओझरतं लिहिलंय तिथे.

पार्किन्सन असलेल्या आजोबांनी गोळी कधी घेतली, किती वेळाने ते आपले आपण उठून चालायला लागले, पुन्हा कधी जखडले, मान आणि हात आपोआप कधी वळवळू लागले, हे ती कित्येक महिने लिहितेय. दुपारी वरण आणि दह्याच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी ‘लागत नाही’, हेही तिनेच टिपलं. ताई, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पार्किन्सनवरचं मुख्य औषध लेव्होडोपा म्हणजे स्वतःच एक अमिनो आम्ल, प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांच्यासारखंच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याची वाट प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांच्या वाटेवरच येते. जेवणात प्रथिनं जास्त झाली की तिथे गर्दी होते आणि औषध मागे पडतं. ती वळवळही आजाराच्या कंपापेक्षा वेगळी असते. तिला डिस्कायनेशिया म्हणतात आणि बहुधा ती औषधाचाच परिणाम असते. नव्या औषधांच्या चाचण्यांत रुग्णांकडून अशीच डायरी भरून घेतात: दर अर्ध्या तासाला ‘ऑन’ (औषध लागू आहे), ‘ऑफ’ (असर ओसरलाय) की डिस्कायनेशिया. (ही वही आजोबांच्या न्यूरॉलॉजिस्टना जरूर दाखवा. मात्र गोळ्यांच्या वेळा किंवा त्यांचं खाणं घरच्या घरी बदलू नका.)

जी मुलगी न सांगता हे करते, तिचा ओढा फार्माकॉलॉजीकडे आहे. औषध शरीरात जाऊन काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, याचं हे शास्त्र. पार्किन्सनच्या उपचाराची सुरुवात याच शास्त्रातून झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतून मिळालेलं द्रव्य. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप, शरीरात त्यापासून डोपामिन बनतं) टोचल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. हालचालीसाठी मेंदूला डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन लागतं, हे त्यातून पुढे आलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी झाल्याचं दाखवलं, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्णांची हालचाल सुधारून दाखवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. ते शिकलेले डॉक्टरच होते, पण हा शोध त्यांना लागला तो प्रयोगशाळेत.

आजही लेव्होडोपाइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. पण काही वर्षांनी एका गोळीचा असर लवकर ओसरू लागतो आणि वळवळ सुरू होते. आजार थांबवणारं औषध तर अजून सिद्धच झालेलं नाही. स्पार्क या कंपनीचं संशोधन केंद्र बडोद्यातच आहे. त्यांनी व्होडोबॅटिनिब हे औषध सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांवर तपासलं. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा फायदा दिसला नाही, म्हणून २०२४ मध्ये ती चाचणी थांबली. वर्षानुवर्षं मेहनत करून उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचंही सांगते. उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी विषारी रसायनाने निकामी करतात, मग औषध दिल्यावर तो कोणत्या दिशेला किती गिरक्या घेतो ते मोजतात. बी.फार्मला असे प्रयोग बहुतेक संगणकावरच दाखवतात, एम.फार्मपासून मात्र प्रत्यक्ष करावे लागू शकतात. हे तिला झेपणार नसेल, तर पेशींवरचं काम किंवा रुग्णांवरच्या चाचण्यांचं व्यवस्थापन हा रस्ता आहे. हालचाल मोजण्यातच जास्त रस असेल, तर फिजिओथेरपीचाही विचार करावा.

रस्ता असा. गुजसेट (गुजरातची प्रवेश परीक्षा) आणि बारावीच्या गुणांवर बी.फार्मला प्रवेश मिळतो, आपल्या म. स. विद्यापीठातही हे शिक्षण आहे. चार वर्षांनी जीपॅट (औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), मग फार्माकॉलॉजी घेऊन एम.फार्म किंवा गांधीनगरजवळची नायपर (औषधनिर्माण शिक्षण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था), आणि त्यानंतर पीएचडी. या शहरात औषध बनवणाऱ्या कंपन्या भरपूर, त्यामुळे बी.फार्म होताच क्वालिटी किंवा प्रॉडक्शनची नोकरी समोर येईल. ती घेतली की पुढचं शिक्षण राहूनच जातं. घरची अडचण नसेल तर तेव्हा तिला पुढे शिकण्यापासून थांबवू नका.

एक गोष्ट तिला स्पष्ट विचारा: आजोबांसारख्या माणसाला समोर बसवून स्वतः तपासायचं आणि औषध लिहून द्यायचं, हे तिला हवंच आहे का? हवंच असेल तर एमबीबीएसला पर्याय नाही, आणि मग माझा सल्ला बदलेल. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न पैशांचा आहे, आणि तो योग्यच आहे. जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात एम.फार्म केलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएचडीसाठी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळवली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं, हा दर २०२३ पासूनचा आहे. पीएचडीला पाचेक वर्षं धरा. तोवर ती घरात फारसे पैसे देऊ शकणार नाही, पण मागणारही नाही. खाजगी मेडिकल कॉलेजच्या फीसाठी घर गहाण टाकण्याचा जो विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय, तो कृपा करून सोडून द्या.